शिक्षण आयुक्तांना अर्ज लिहिण्याआधी

पुण्याला पाठवलेला अर्ज बहुतेक वेळा तुमच्याच तालुक्याला परत येतो. यात टपाल खात्याचा दोष नसतो. आयुक्त कार्यालयात पाकीट फुटतं, आवक क्रमांक पडतो, कागद संबंधित संचालकांकडं जातो, तिथून विभागीय उपसंचालकांकडं, तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं. दर टप्प्यावर एक ओळ चढते: ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’. शेवटी केंद्रप्रमुख मोटारसायकलवर तुमच्या शाळेत येतात आणि मुख्याध्यापकांना विचारतात, "हे कुणी लिहिलं हो?"

हा प्रवास मी खालच्या टोकाला बसून बघितला. मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीच्या शिक्षण विभागात माझी नोकरी झाली, आणि तिचा मोठा भाग आवक-जावकच्या टेबलावर गेला. आता निवृत्त आहे, पण फोन थांबले नाहीत. कुठल्यातरी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतात, कधी सरपंचबाई असतात, कधी नातवाला शाळेत सोडणारी आज्जी असते. "ताई, डायरेक आयुक्तालाच टाकू का कागद?" मी म्हणते, टाका की, कोण नको म्हणतंय. पण आयुक्तांनी नेमकं काय करावं, हे एका ओळीत सांगा. तिथं बहुतेकांचं अडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की वरच्या खुर्चीला असं काम सांगावं जे त्या खुर्चीलाच करता येतं. बाकीची कामं खालीच होतात, आणि खाली ती करून घ्यायलाही कागदच लागतो.

खुर्ची कुठं आणि तिच्या हातात काय

मंत्रालयात शालेय शिक्षण विभागाचे मंत्री आणि सचिव बसतात. धोरण तिथं ठरतं, शासन निर्णय तिथून निघतात. ते निर्णय राज्यभर राबवणारी जी यंत्रणा आहे तिच्या शेंड्यावर शिक्षण आयुक्त. पद आयएएस अधिकाऱ्याचं, कार्यालय पुण्यात. त्यांच्या हाताखाली संचालक: प्राथमिकचे वेगळे, माध्यमिक आणि उच्च माध्यमिकचे वेगळे. विभागाला उपसंचालक. मराठवाड्याला दोन आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या उपसंचालकांकडं संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली. लातूरच्यांकडं लातूर, धाराशिव आणि नांदेड. परभणीचा कागद लातूरला पाठवणारे लोक मी पाहिलेत, म्हणून ही यादी दिली.

आयुक्तपद तसं अलीकडचं. माझ्या नोकरीच्या बहुतेक काळात संचालक म्हणजेच शेवटचा शब्द होता, आणि म्हातारे गुरुजी अजूनही ‘डायरेक्टर साहेब’च म्हणतात. मुंबई इलाख्यात हे संचालकपद १८५५ पासूनचं. आपण मात्र त्या इलाख्यात नव्हतो. आपल्या शाळांचा कारभार हैदराबादेतून चालायचा, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि तेव्हापासून आपल्या मास्तरांचं दैव पुण्याकडं लागलं. माझ्या सासऱ्यांना दोन्ही राजवटींतले शिक्षणखात्याचे साहेब आठवायचे. दोघांनाही नमस्कार एकसारखाच वाकून करावा लागायचा, असं ते म्हणायचे.

तुमच्या कामाची तारीख मात्र वेगळीच आहे: १ मे १९६२. त्या दिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची झाली. गुरुजी जिल्हा परिषदेचे कर्मचारी झाले. त्यांचे नेमणूक अधिकारी म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, आपण ज्यांना सीईओ म्हणतो ते. म्हणून "अमक्या बाईंना आमच्या शाळेवर द्या" असं आयुक्तांना लिहिलं तर तो कागद परत खालीच येणार. बदल्यांचं तर आणखी निराळं. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण शिक्षण विभाग ठरवतच नाही, ग्रामविकास विभाग ठरवतो. हे सांगितलं की निम्मे लोक माझ्याकडं संशयानं बघतात. पण बदलीचा कुठलाही शासन निर्णय काढून वरचं नाव वाचा.

मग आयुक्तांच्या हातात राहतं काय? पवित्र पोर्टलवरून होणारी शिक्षकभरती त्यांच्या कार्यालयातून चालते. राज्यभर संचमान्यता, म्हणजे पटावरून कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारी मंजुरी, वेळेवर आणि नियमानं होते की नाही हे त्यांनी बघायचं. नियमाचा अर्थ एका जिल्ह्यात एक आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसरा लावला जात असेल तर खुलाशाचं परिपत्रक तिथून निघू शकतं. शिक्षणाधिकारी, उपसंचालक असे अधिकारी काम करत नसतील तर त्यांच्याकडून अहवाल मागवणं, चौकशी लावणं, कारवाईचा प्रस्ताव मंत्रालयात पाठवणं, ही सगळी त्या खुर्चीची ताकद. गावाला थेट शिक्षक देण्याची ताकद तिच्यात नाही, पण शिक्षक न देणाऱ्याला लेखी जाब विचारण्याची आहे. अर्ज त्या बाजूनं लिहायचा.

आधी बघा, काम कुणाचं आहे

शिक्षक कमी आहे, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. तिचे दोन प्रकार पडतात आणि दोन्हींचा रस्ता वेगळा आहे. मुख्याध्यापकांकडून चालू वर्षाची संचमान्यता मागून घ्या. तो एक-दोन पानांचा कागद असतो, त्यात मंजूर पदं आणि कार्यरत पदं लिहिलेली असतात. दोन मंजूर, एक कार्यरत असेल तर पद रिक्त आहे. विषय सीईओ आणि शिक्षणाधिकाऱ्यांचा. मंजूरच एक असेल तर भांडण पटाचं, म्हणजे विद्यार्थीसंख्येचं आहे, आणि पटाचं भांडण जूनपासून सप्टेंबरपर्यंतच लढता येतं.

का, ते नीट समजून घ्या. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्या पटात आधार जुळलेली लेकरंच धरली जातात. वर्गात बसलेलं लेकरू, हजेरीत नाव असलेलं लेकरू, खिचडी खाणारं लेकरू, पण आधारवर ‘सोन्या’ आणि दाखल्यावर ‘स्वप्नील’ असेल तर शिक्षक मोजताना ते नसल्यात जमा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार असा हिशोब आहे. शासन निर्णयांत त्याचे बारकावे वेगळे असतात. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानं निकष पुन्हा बदलले. चालू निर्णय मुख्याध्यापकांकडून वाचून घ्या. काहीही असलं तरी दोन-तीन नावांच्या स्पेलिंगवर एक गुरुजी जाऊ शकतो. पोळ्याच्या आसपास समितीनं एक दिवस काढावा, आधार न जुळलेल्या लेकरांची यादी घ्यावी, आणि आईबापांना घेऊन आधार केंद्र गाठावं. यात आयुक्त नाहीत, पुणे नाही, अर्ज नाही. पण शिक्षक वाचवायचं याहून खात्रीचं काम मला ठाऊक नाही.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या लोकांना याच्या जोडीला दुसरं एक वेळापत्रक पाळावं लागतं. ऊसतोडीच्या टोळ्या बहुतेक दसऱ्यानंतर हलतात. म्हणजे ३० सप्टेंबरच्या मोजणीला लेकरं गावात असतात आणि दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा. या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं: आईबाप कारखान्यावर, लेकरू आजीजवळ किंवा गावात, जेवणाची सोय समितीकडं. त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं निघतो, आणि त्याला पैसा समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतून येतो. समग्र शिक्षाचा राज्याचा कारभार मुंबईच्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेतून चालतो, तिथले प्रमुख म्हणजे राज्य प्रकल्प संचालक. वसतिगृहाची मंजुरी लांबली म्हणून पुण्याला आयुक्तांकडं अर्ज करणारे बरेच भेटतात. त्यांचा अर्ज पुणे ते मुंबई फिरेपर्यंत साखर पोत्यात भरलेली असते. प्रस्ताव ऑगस्टमध्ये द्या, लेकरांची नावं, आईबाप कुठल्या मुकादमाकडं आणि साधारण कधी जाणार, सांभाळायला घरी कोण, असं सगळं लिहून. लेकरं सोबत जाणारच असतील तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन त्यांच्या पिशवीत टाका. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की बसवून घ्यायला खळखळ होत नाही. निदान होऊ नये.

आता वर्गखोल्या. मराठवाड्यात निजामकालीन शाळा-इमारती अजून उभ्या आहेत, काही दगडी आणि भक्कम, काही नुसत्या उभ्या. अशी खोली धोकादायक झाली की गाव म्हणतं पाडून द्या, आणि जिल्हा परिषद म्हणते निर्लेखनाचा प्रस्ताव द्या. निर्लेखन म्हणजे सरकारी दप्तरातून ती खोली रीतसर कमी करणं. ते झाल्याशिवाय पाडता येत नाही, आणि जुनी कागदावर उभी असेपर्यंत ‘तुमच्याकडं खोल्या पुरेशा आहेत’ असंच उत्तर येतं. प्रस्तावाला लागतं ते हे: समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, चारही बाजूंचे फोटो, आणि बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याचा दाखला की इमारत वापरायला अयोग्य आहे. सगळ्यात जास्त वेळ या दाखल्याला लागतो. अभियंता साहेबांकडं रस्ते असतात, पूल असतात, तुमची खोली शेवटी असते. त्यांना गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र लागतं, पालकांचं तोंडी बोलणं चालत नाही. ते पत्र आधी काढून घ्या आणि त्याचा जावक क्रमांक लिहून ठेवा. पावसाळ्यात खोली गळतानाचा फोटो तारखेसह काढलेला असला तर उत्तम. उन्हाळ्यातल्या फोटोत कुठलीही भिंत बरीच दिसते. नव्या खोलीचा पैसा पुढं जिल्हा नियोजन समितीतून किंवा समग्र शिक्षातून येतो. या सगळ्या साखळीत शिक्षण आयुक्तांची सही कुठंच लागत नाही.

बाकीचं पटपट सांगते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेतली चूक विभागीय मंडळाकडं; संभाजीनगरला एक आहे, लातूरला एक. शिष्यवृत्ती परीक्षेचा विषय राज्य परीक्षा परिषदेकडं. किनवट आणि कळमनुरीकडच्या आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, तिथं प्रकल्प अधिकारी. तांड्यावरची विमुक्त-भटक्यांची आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाची. महापालिकेची शाळा असेल तर महापालिका आयुक्त. खासगी शाळेनं फी भरमसाट वाढवली तर २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे, त्याची विभागीय समिती आहे, आणि एकट्या पालकापेक्षा पालकांनी मिळून गेलेलं बरं. संस्थेनं शिक्षकाला काढलं तर शाळा न्यायाधिकरण. यातल्या प्रत्येक प्रकारचा कागद चुकून शिक्षण आयुक्तांच्या नावानं लिहिलेला मी हाताळला आहे.

खालची शिडी चढताना

वर लिहायचं ठरलं तरी आधी खालचे कागद तयार पाहिजेत, कारण वरून पहिला प्रश्न हाच येतो की खाली काय केलं.

सुरुवात ठरावानं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असतात, अध्यक्ष पालकांतलाच असतो, आणि मुख्याध्यापक सचिव. कायद्यानं आलेली समिती आहे ही, तिच्या ठरावाला वजन आहे. ठरावात भाषण नको. ‘दोन पैकी एक पद अमुक तारखेपासून रिक्त, भरण्यात यावे, सर्वानुमते मंजूर’, पुरे. बायका सदस्यांच्या सह्या घरी वही पाठवून घेऊ नका. चौकशीला कुणी आलं तर त्या काय सांगणार?

मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज. दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. "ठेवा, बघतो" असं कुणी म्हणलं तर हसून तिथंच उभं राहा. मी त्या टेबलावर होते, म्हणून सांगते: पोच मागणाऱ्या माणसाचा कागद पहिला नोंदला जातो. तोंडी सांगून गेलेल्याचा कागदच नसतो, मग तो शोधणार कोण? साहेब नसले तरी चालतं, आवक कारकून पाहिजे. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गर्दीत शिक्का मिळतो पण क्रमांक राहून जातो.

त्यानंतर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद. या अर्जाच्या विषयात एक गोष्ट मुद्दाम लिहा: ‘शिक्षण हक्क अधिनियम, २००९, कलम ३२ नुसार तक्रार’. हे कलम फार थोड्या गावांना माहीत आहे. लेकराच्या शिक्षण हक्काबद्दल स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार केली की तीन महिन्यांत, दोन्ही बाजू ऐकून, निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील आहे. साधा विनंती अर्ज कितीही दिवस पडून राहू शकतो. कलम लिहिलं की मुदत चालू होते. आणि तीन महिन्यांनी वर लिहिताना तुमच्याकडं सांगायला काहीतरी ठोस असतं.

मधल्या काळात जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. तिथंही जाता येतं. माझा अनुभव मिश्र आहे: रस्ता, वीज, पाणी यांच्या गर्दीत शाळेचा विषय मागं पडतो, पण जिल्हाधिकाऱ्यांसमोर शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिनिधीला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि ते इतिवृत्तात येतं.

काही गावं सीईओंच्या दालनासमोर व्हरांड्यात लेकरं बसवून शाळा भरवतात. पेपरला फोटो येतो, संध्याकाळपर्यंत आदेश निघतो. मला हे पूर्ण चुकीचं वाटत नाही. उपाशी माणसानं ओरडू नये असं कोण म्हणेल. पण तो आदेश नीट वाचा. बहुतेक वेळा ती तात्पुरती कामगिरी असते: शेजारच्या गावची बाई उचलून तुमच्या शाळेवर. पुढच्या महिन्यात ते शेजारचं गाव व्हरांड्यात बसतं, आणि तुमची बाई परत जाते. पद तसंच रिक्त राहतं.

गुरुजींना यात पुढं करू नका. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. वरिष्ठांना डावलून कागद पाठवला, बाहेरचं वजन आणलं, तर नोटीस त्यांना येते. ठराव वहीत लिहिणं हे सचिव म्हणून त्यांचं कामच आहे. अर्जावर सही मात्र अध्यक्षांची आणि पालकांची.

आता पुण्याचा अर्ज

एक शाळा, एक विषय, एक पान. खिचडीचा तांदूळ, संडासाचं दार, रिक्त पद आणि शाळेपुढची पानटपरी असा चौफेर अर्ज आला की तो चार कार्यासनांत, म्हणजे चार टेबलांवर फिरतो आणि कुणाचाच होत नाही. शाळेचा युडायस क्रमांक टाका, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, अकरा अंकी असतो, आपल्या राज्यात २७ नं सुरू होतो. पुण्यात तुमच्या गावाच्या नावाची पाच गावं सापडतील. क्रमांक एकच शाळेचा.

नमुना देते. रिकाम्या जागा तुमच्या.

*प्रति,*
*मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे*

*विषय: जि. प. प्राथमिक शाळा, मौजे ……, ता. ……, जि. …… (युडायस क्र. २७………) येथील रिक्त शिक्षकपदाबाबत कलम ३२ च्या तक्रारीवर मुदतीत निर्णय न झाल्याबाबत.*

*संदर्भ: १) शाळा व्यवस्थापन समिती ठराव क्र. ……, दि. ……*
*२) गटशिक्षणाधिकारी, पं. स. …… यांना अर्ज, आवक क्र. ……, दि. ……*
*३) शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जि. प. …… यांना तक्रार, आवक क्र. ……, दि. ……*

*महोदय,*
*वरील शाळेत पहिली ते पाचवीचे …… विद्यार्थी असून शिक्षकांची दोन पदे मंजूर आहेत. त्यापैकी एक पद दि. …… पासून रिक्त आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २६ नुसार शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. येथे ती पन्नास टक्के आहेत. संदर्भ ३ च्या तक्रारीवर कलम ३२ मधील तीन महिन्यांची मुदत दि. …… रोजी संपली असून निर्णय कळविण्यात आलेला नाही.*

*विनंती की, संदर्भ ३ वर लेखी निर्णय देण्याबाबत संबंधितांना मुदत घालून निर्देश द्यावेत व निर्देशाची प्रत आम्हास मिळावी.*

*प्रत: १) मा. विभागीय शिक्षण उपसंचालक, …… २) मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जि. प. …… ३) शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जि. प. ……*

शेवटची विनंती पुन्हा वाचा. तिच्यात शिक्षक मागितलेला नाही. मागितलाय तो निर्देश, आणि तोही मुदत घालून. हे आयुक्तांना करता येतं, आणि त्यांच्या कार्यालयातल्या कारकुनालाही टिपणी लिहायला सोपं जातं. ‘शिक्षणाचा खेळखंडोबा’, ‘लेकरांच्या भवितव्याशी खेळ’ असली वाक्यं आली की टिपणी लिहिणारा थेट खालच्या सहीकडं उडी मारतो. तुमचा राग खरा असतो, पण टिपणीत त्याला रकाना नाही.

‘प्रत’ हा भाग शोभेचा समजू नका. खाली प्रती आधीच पोचल्या की शिक्षणाधिकारी कार्यालयाला कळतं की पुण्याहून विचारणा येणार आहे, आणि कागद वरून उतरायच्या आत इथं हालचाल होते. कधी कधी काम एवढ्यावरच होतं.

स्पीड पोस्टानं पाठवा, पावती ठरावाच्या वहीत चिकटवा, त्याच दिवशी ईमेलही करा. ईमेलवर सही केलेल्या अर्जाची प्रत जोडा. मोबाईलवर टाईप केलेला मजकूर अर्ज म्हणून कुणी धरत नाही. मार्चमध्ये लिहू नका, सगळे बोर्डाच्या परीक्षेत आणि वर्षअखेरच्या खर्चात असतात. शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्यानंतरचे पंधरा दिवस चांगले.

कागद परत आला की

तो खाली उतरतोच, हे आधी सांगितलं. निराश होऊ नका. उतरताना त्याच्यावर आयुक्त कार्यालयाचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचं उत्तर वर पाठवावं लागतं. तुमचं काम एवढंच की तो क्रमांक मिळवायचा आणि सोडायचा नाही. पंचायत समितीत जाऊन विचारा, "आयुक्त कार्यालयाचं पत्र आलंय, त्याचा अहवाल गेला का?" ‘आमच्या अर्जाचं काय झालं’ या प्रश्नापेक्षा हा प्रश्न फार वेगळा ऐकला जातो.

दाद लागली नाही तर माहिती अधिकार. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, कार्डाची प्रत जोडायची. महाराष्ट्राच्या नियमानं दीडशे शब्द आणि एकच विषय. ‘का भरलं नाही’ असं विचारू नका, कारण विचारता येत नाही, कागद मागता येतो. मागायचं ते असं: आयुक्त कार्यालयाच्या अमुक क्रमांकाच्या पत्रावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, आणि ती नस्ती, म्हणजे फाईल, कोणत्या टेबलावर किती दिवस होती याची नोंद. २००५ च्या दफ्तर दिरंगाईच्या कायद्यानं साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त कुठलीही नस्ती एका टेबलावर राहू नये असं म्हटलंय, म्हणून ही नोंद मागितली की टेबल जागं होतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, तेही तीस दिवसांत. त्यापुढं राज्य माहिती आयोग. त्याचं खंडपीठ संभाजीनगरला आहे, मुंबईला जावं लागत नाही.

आणि गुरुजी आले तर? पहिल्याच दिवशी त्यांचा आदेश बघा. ‘पदस्थापना’ लिहिलंय की ‘तात्पुरती कामगिरी’? पदस्थापना असेल तर रुजू झाल्याची तारीख ठरावाच्या वहीत लिहा. तात्पुरतं असेल तरी गुरुजींना चहा पाजा, वर्ग द्या, पण सावध राहा. तुमच्या अर्जावर ‘शिक्षक उपलब्ध करून दिला, प्रकरण निकाली’ असा अहवाल तालुक्यातून वर जाणार आहे. त्याच आठवड्यात पुण्याला दोन ओळी पाठवा, जुना संदर्भ क्रमांक टाकून: ‘दिलेला शिक्षक तात्पुरत्या कामगिरीवर असून मूळ पद आजही रिक्त आहे. प्रकरण निकाली काढू नये.’ आणि त्या दोन ओळींचीही पोच घ्या.